चरक आणि करार : मॉरिशसच्या साखरेची कथा

इतिहासाच्या तासाला मॉरिशसच्या साखरधंद्याचा विषय निघाला, तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न आला. गुलामगिरी बंद झाल्यावर तेथील मळेवाल्यांनी मजुरांना पाच-पाच वर्षांच्या कराराने का बांधून घेतले? रोजंदारीवर माणसे ठेवून धंदा चालला नसता काय? त्याचे उत्तर शोधण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

हिंदी महासागरातील या लहानशा बेटावर ऊस प्रथम डचांनी १६३९ साली नेला. पुढे फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बुर्दोने यांनी साखरेच्या गिरण्यांना उत्तेजन दिले. १८१० साली बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. परंतु खरी भरभराट झाली ती १८२५ नंतर. त्या वर्षी इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली आणि बेटावर जिकडेतिकडे ऊसच ऊस झाला. १८५०च्या दशकात वार्षिक उत्पादन एक लाख टनांवर गेले.

सुरुवातीच्या गिरण्या आपल्या गुऱ्हाळासारख्याच होत्या. जनावरांच्या किंवा पाण्याच्या जोरावर फिरणारे तीन उभे रूळ, रांगेने मांडलेल्या काहिली, रसात चुना टाकून काढलेली मळी, आणि जळणाला उसाचीच चिपाडे. एकोणिसाव्या शतकात वाफेचे यंत्र आले, लोखंडी आडवे रूळ आले. पुढे निर्वात कढई आली. तिच्यात रस कमी उष्णतेवर आटतो व साखर करपत नाही.

यंत्रे बदलली, पण एक गोष्ट बदलली नाही. तोडलेला ऊस थांबत नाही. तो एक-दोन दिवसांत गाळला नाही, तर त्यातील साखर मोडू लागते व दाणा कमी पडतो. म्हणून धुराडे पेटले की तोडणी थांबून चालत नाही. गिरणी जितकी मोठी, तितका तिचा रिकामा तास महाग. मालकाला मजूर हवा होताच. पण हंगामात निघून जाऊ न शकणारा मजूर हवा होता. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले.

१८३५ साली मॉरिशसमध्ये गुलामगिरी रद्द झाली. मालकांना भरपाई मिळाली, गुलामांना काही नाही. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले होते. पुढील सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे तेथे गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपल्या कोकणातील माणसेही होती. महिना पाच रुपये मजुरी आणि शिधा, असा करार असे. त्यात एक जाचक नियम होता : एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापावयाची.

हे वाचताना मी थबकलो. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. एका हंगामात आई तापाने फणफणली आणि तीन दिवस कोयता बंद राहिला. मुकादमाने खाडा धरला. मिळकत बुडालीच, वर दंड उचलीत चढला. तो हिशेब मीच वहीत लिहिला होता, कारण घरात लिहिता येणारा मी एकटाच. अर्थात तुलना ताणू नये. आमची माणसे पाडव्याच्या सुमारास घरी येतात. समुद्रापार गेलेले पुष्कळजण परतलेच नाहीत.

मॉरिशसचे मजूर मात्र गप्प बसले नाहीत. १८७१ साली ९,४०१ मजुरांनी आपल्या गाऱ्हाण्यांचा अर्ज केला. आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने त्यांना त्या कामी साहाय्य केले. परिणामी १८७२ साली शाही आयोग नेमला गेला आणि त्याच्या चौकशीत मजुरांच्या छळाच्या तक्रारी खऱ्या ठरल्या.

तोडलेला ऊस थांबत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांची मजुरी, हा माणसाने केलेला नियम आहे. पहिला बदलता येत नाही; दुसरा बदलता येतो. त्या अर्जावर सही किंवा अंगठा करणाऱ्यांना हा फरक कळला होता. आपण तर महाविद्यालयात शिकतो.

— द्वितीय वर्ष कला