लोखंड का गंजते?
(इयत्ता सातवी : सामान्य विज्ञान)

हंगाम संपला की शेतकरी नांगराचा फाळ पुसून, त्यास तेल लावून ठेवतो. तसे न केल्यास त्यावर तांबूस थर चढतो व फाळ झिजत जातो. हा थर म्हणजे बाहेरून बसलेली घाण होय, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते. व्याख्या पाठ करून घेतल्याने ती जात नाही, प्रयोगाने जाते.

प्रयोग : तीन लोखंडी खिळे पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावेत व तीन काचेच्या बाटल्यांत ठेवावेत.

१) पहिलीत खिळा अर्धा बुडेल इतके साधे पाणी घालून बाटली उघडी ठेवावी.

२) दुसरीत दहा-पंधरा मिनिटे उकळलेले पाणी खिळा पूर्ण बुडेल इतके घालून वर गोडेतेलाचा जाड थर द्यावा. उकळल्याने पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते व तेलामुळे नवी हवा आत शिरत नाही.

३) तिसरीच्या तळाशी चुनकळी, तीवर कापूस व कापसावर खिळा ठेवून बूच घट्ट लावावे. चुनकळी हवेतील ओल शोषून घेते. ती डोळ्यांस व त्वचेस अपायकारक असल्याने शिक्षकाने स्वतःच हाताळावी.

निरीक्षण : विद्यार्थ्यांनी आठवडाभर रोज नोंद करावी. पहिला खिळा गंजेल. उरलेले दोन बहुतांशी जसेच्या तसे राहतील.

निष्कर्ष : दुसऱ्या बाटलीत पाणी होते, तिसरीत हवा होती, मग तेथे गंज का चढला नाही, असे विचारून निष्कर्ष मुलांकडूनच काढून घ्यावा. गंजण्यास पाणी व हवेतील प्राणवायू ही दोन्ही लागतात. त्यांच्याशी लोखंडाचा संयोग होऊन गंज हा नवा पदार्थ बनतो. म्हणूनच गंजाचे वजन त्यात गेलेल्या लोखंडाहून अधिक भरते.

अधिक माहिती : सर्व धातूंचा स्वभाव सारखा नसतो. सोडियमचा हवेशी इतक्या त्वरेने संयोग होतो की, तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. सोने मात्र हवेत तसेच राहते. ॲल्युमिनियमचाही प्राणवायूशी चटकन संयोग होतो. परंतु त्यामुळे बनणारा पातळ थर घट्ट चिकटून आतील धातूचे रक्षण करतो. गंज सच्छिद्र असतो व त्याचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे आतील लोखंड पुन्हा उघडे पडते.

गृहपाठ : घरातील व शाळेतील गंजलेल्या पाच वस्तूंची यादी करावी. प्रत्येकीस तेल, रंग की जस्ताचा मुलामा योग्य, ते कारणासह लिहावे.