काटेरी फळाची पंगत

मलेशियातील खेड्यांत दुरियनचा हंगाम आला, की आप्तेष्ट व शेजारी एखाद्या अंगणात जमतात. दुरियन दिसते फणसासारखे; पण त्याचे काटे फार तीक्ष्ण असतात. मलय भाषेत ‘दुरी’ म्हणजे काटा; त्यावरूनच हे नाव पडले. पिकलेले फळ झाडावरून आपोआप गळते. वडील माणसे ते जपून फोडतात आणि लोण्यासारखे मऊ गरे लहानथोर वाटून खातात.

या फळाचा वास मात्र उग्र असतो. सिंगापूरच्या मेट्रोगाड्यांत ते नेण्यास बंदी आहे. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेस यांनाही प्रथम तो वास सहन झाला नाही. पुढे बोर्निओ बेटात त्यांनी ते फळ मोकळ्या हवेत चाखले, आणि त्यांचे मत पालटले. १८६९ सालच्या आपल्या प्रवासग्रंथात त्यांनी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली.

दुरियनच्या फुलांतील मध पिण्यास रात्री वटवाघळे येतात व पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. त्यांना कुरूप समजून हुसकावले, तर फळे थोडी धरतात आणि अंगणातील पंगत सुनी पडते. वासावरून फळाची आणि रूपावरून प्राण्याची परीक्षा करू नये, हेच खरे.