गळा, पडदा आणि सही

चि. भाचीस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गायनस्पर्धेतील यशानंतर एका चित्रसंस्थेने नायिकेची भूमिका आणि गाणी या दोहोंसाठी एकच करारनामा पुढे केल्याचे वृत्त घरी पोहोचले आहे. त्यावर सही होण्यापूर्वी सुरैया या गायिका-अभिनेत्रीचे चरित्र चि. भाचीने नीट पाहावे, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. आवाजामुळे पडदा, पडद्यामुळे कीर्ती आणि कीर्तीच्या भरात प्रेम, असा क्रम त्या चरित्रात स्पष्ट दिसत असल्याने त्यातील दैवाचा वाटा किती, कष्टाचा किती आणि इतरांच्या निर्णयांचा किती, हे निवडून पाहता येते.

१९२९ साली जन्मलेल्या सुरैयाचे नातेवाईक झहूर हे मुंबईच्या चित्रपटांत खलनायक रंगवीत. त्यांच्यासोबत स्टुडिओत गेलेल्या या मुलीला १९४१ च्या ‘ताजमहाल’मध्ये बालपणीच्या मुमताजमहलची भूमिका मिळाली. रेडिओवरील मुलांच्या कार्यक्रमांत ती गात असे. तो आवाज संगीतकार नौशाद यांच्या कानी पडला आणि ‘शारदा’ (१९४२) या चित्रपटात मेहताब या नायिकेसाठी त्यांनी तिच्याकडून पार्श्वगायन करवून घेतले; पार्श्वगायन म्हणजे एकीने गाणे ध्वनिमुद्रित करायचे आणि पडद्यावर दुसरीने त्यावर ओठ हलवायचे. पूर्ण वाढलेल्या नायिकेचा गळा झालेल्या या जेमतेम तेरा वर्षांच्या मुलीला मायक्रोफोनपर्यंत पोहोचण्यासाठी स्टुलावर उभे राहावे लागले होते. तिला शास्त्रोक्त तालीम लाभली नव्हती, हे खरे; परंतु त्यावरून रियाजाला सुट्टी देण्याची सवलत कोणी काढू नये, कारण गाणे घोटून घेणाऱ्या संगीतकारांच्या हाताखाली तिची शिकवणी कामातच होत गेली.

यापुढील भाग काळाचा आहे. कुंदनलाल सैगल, नूरजहाँ, खुर्शीद हे गायक-नट होते, म्हणजे स्वतःच्या भूमिकेचे गाणे स्वतःच गाणारे कलावंत. १९४७ च्या जानेवारीत सैगल निवर्तले, फाळणीनंतर नूरजहाँ आणि खुर्शीद पाकिस्तानात गेल्या, आणि ज्या परंपरेचे वारसदार असे झपाट्याने कमी झाले तिची उरलेली सारी लोकप्रियता सुरैयाच्या पदरात पडली. ‘प्यार की जीत’ (१९४८), ‘दिल्लगी’ आणि ‘बडी बहन’ (दोन्ही १९४९) या चित्रपटांनंतर मरीन ड्राइव्हवरील ‘कृष्ण महल’ या तिच्या इमारतीसमोर चाहत्यांची गर्दी जमू लागली. मात्र त्याच १९४९ मध्ये ‘महल’, ‘बरसात’ आणि ‘अंदाज’ यांतून लता मंगेशकरांचा आवाज घरोघर पोहोचला आणि नायिकेला गाता आलेच पाहिजे ही अटच हळूहळू गळून पडली. जो योग सुरैयाला शिखरावर घेऊन गेला त्याचा पाया तेव्हाच खचू लागला होता. यात तिचा दोष काही नव्हता. पण आजच्या स्पर्धांतून वर येणाऱ्या गायिकेने आपल्या यशात काळाचा हिस्सा केवढा आहे, याचा अंदाज वेळीच घ्यावा.

‘विद्या’ (१९४८) च्या चित्रीकरणात नाव उलटली तेव्हा सहनायक देव आनंद यांनी तिला पाण्यातून वाचवले. पुण्याच्या प्रभात या चित्रसंस्थेच्या ‘हम एक हैं’मधून दोनच वर्षांपूर्वी पडद्यावर आलेला हा नट तेव्हा नवखा होता आणि तारका ती होती. दोघांनी १९५१ पर्यंत सात चित्रपट केले, विवाहाचा विचारही केला. परंतु तो हिंदू, ती मुसलमान, आणि तिच्या भेटीगाठींपासून चित्रीकरणापर्यंत सर्वांवर देखरेख ठेवणाऱ्या आजीचा ठाम विरोध. देव आनंद यांनी तिला दिलेली अंगठी समुद्रात कोणी फेकली याच्या कथांना पाठभेद इतके आहेत, की त्यांच्या नादी न लागणेच बरे. देव आनंद यांनी १९५४ मध्ये कल्पना कार्तिक यांच्याशी विवाह केला. सुरैया अखेरपर्यंत अविवाहित राहिली. त्याच १९५४ सालच्या ‘मिर्झा गालिब’ला, ज्यात ती नायिका होती आणि ज्यातील तिची गझलगायकी आजही वाखाणली जाते, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. १९६३ च्या ‘रुस्तम सोहराब’नंतर तिने पडदा सोडला.

आजीला खलनायिका ठरवून मोकळे होणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. ज्या घरात मुलगी लहान वयापासून मिळवती होते तिथे तिच्या भल्याची काळजी आणि तिच्या मिळकतीची काळजी यांची गल्लत होते, आणि ती करणाऱ्यांनाही ती उमगत नाही. चि. भाचीच्या मामांनाही हे लागू आहे.

याउलट शांता आपटे यांचे वागणे पाहावे. ‘कुंकू’ (१९३७) गाजवलेल्या या गायिका-अभिनेत्रीने १९३९ मध्ये कराराच्या वादातून प्रभातच्या फाटकापाशीच उपोषण मांडले आणि पुढे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून नवख्या मुलींना या धंद्याची आतली बाजू उघड करून दाखवली. त्यांच्या हट्टाविषयी मतभेद असोत; आपली सही ही आपली बाब आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्या काळी गायिकेला ठरलेल्या रकमेपलीकडे मागणीचा कायदेशीर आधार नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्याने सादरकर्त्याचा हक्क, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावरील हक्क, अधिक बळकट केला असून व्यापारी वापरासाठी स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी मिळण्याची तरतूद त्यात आहे. म्हणून हाती आलेल्या करारनाम्यात रॉयल्टीचे कलम कसे आहे, चित्रपटाबाहेर गाण्यास मनाई आहे काय आणि ती किती वर्षे, तसेच प्रसिद्धीसाठी सहनायकाशी जोडी जमवून वावरण्याची काही अपेक्षा आडवळणाने घातली आहे काय, हे वकिलाकडून कलमागणिक समजून घ्यावे. ते होईपर्यंत आगाऊ रक्कम स्वीकारू नये. मोबदल्याचे बँकखाते एकट्या चि. भाचीच्या नावे असावे, आणि त्याला मामाने हरकत घेतल्यास ती जुमानू नये.

कळावे.