हसण्याचे बळ

(हसण्याने माणूस खचतो, तसाच उभाही राहतो. चित्रपट-दिग्दर्शिका सई परांजपे यांच्या कामातून हा फरक या पाठात सांगितला आहे.)

आमची शाळा अंबरनाथच्या एमआयडीसीजवळ आहे. पहिल्या पाळीचे कामगार कारखान्याकडे निघतात, तेव्हाच आमची मुलेही दप्तरे घेऊन निघतात. बहुतेकांच्या घरी उर्दू बोलतात. मराठीशी गाठ पडते ती वर्गात, दुकानात आणि दवाखान्यात.

एकदा मराठीच्या तासाला संवाद म्हणताना नववीतील एक मुलगी म्हणाली, "चहा थंड झाली." उर्दूतील चाय स्त्रीलिंगी, तर मराठीतील चहा पुल्लिंगी! सारा वर्ग खो खो हसला. ती मुलगी खाली बसली आणि पुढे आठवडाभर मराठीत एक शब्दही बोलली नाही. मग मी वर्गाला सई परांजपे यांच्याविषयी सांगितले.

आपल्या देशात स्त्रिया फार पूर्वीच दिग्दर्शनाकडे वळल्या. 1926 साली फातमा बेगम यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्या भारतातील पहिल्या स्त्री-दिग्दर्शिका मानल्या जातात. तरीही पुढे कित्येक वर्षे हे काम बहुधा पुरुषांच्याच हाती राहिले. पडद्यावरची स्त्री सोसत असे, रडत असे. विनोद झालाच तर पुष्कळदा तिच्यावरच होई.

सईंचा जन्म 1938 सालचा. पुण्याच्या आकाशवाणीवर, रंगभूमीवर आणि दूरदर्शनवर काम करून त्या चित्रपटाकडे आल्या. त्यांच्या 'स्पर्श' या चित्रपटातील अंध मुख्याध्यापकाला कोणाचीही दया नको असते. त्याच्या पटकथेसाठी सईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

1981 साली त्यांचा 'चश्मे बद्दूर' आला. या नावाचा अर्थ तुम्हांला सांगायला नकोच! त्यात दिल्लीत राहणारे तीन मित्र आहेत. नेहा नावाची मुलगी दारोदार जाऊन 'चमको' साबण पावडर विकते. दोघे मित्र तिच्यावर छाप पाडायला जातात आणि फजिती करून घेतात. घरी येऊन मात्र आपण कसे जिंकलो, याच्या खोट्या गोष्टी सांगतात. प्रेक्षक हसतात ते या बढाईला. कष्ट करणाऱ्या नेहाला कोणी हसत नाही.

1983 सालच्या 'कथा'मध्ये मुंबईची चाळ आहे. ससा-कासवाची जुनी गोष्ट तेथे नव्या रूपात येते. गोड बोलणारा बाशू साऱ्या चाळीला भुलवतो आणि साधा, प्रामाणिक राजाराम मागे पडतो. आपण हसतो, पण हसता हसता मनात प्रश्न येतो, "आपणही असेच फसतो का?" हेच भाषणातून सांगितले असते, तर आपण जांभई दिली असती.

सईंच्या हसण्याचे बळ येथे आहे. रागावलेल्या माणसापुढे लोक दार लावून घेतात. हसवणाऱ्याला आत बोलावतात. आत गेल्यावर तो खरे ते सांगू शकतो. मात्र त्याने कोणावर हसायचे, हे नीट ठरवले पाहिजे. दुबळ्याला हसणे सोपे आहे. खोटेपणाला हसायला धैर्य लागते आणि स्वतःला हसायला त्याहून अधिक.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात त्याच मुलीने एक छोटी नाटिका लिहिली आणि बसवलीही. चहाच्या टपरीवर एक गिऱ्हाईक म्हणते, "चहा आली." टपरीवाला म्हणतो, "आली नाही, आला!" दोघे हट्टाला पेटतात. भांडण मिटेपर्यंत चहा खरोखरच थंड होतो. गिऱ्हाइकाचे काम तिनेच केले होते. सभागृहात हशा पिकला. या वेळी सर्वांत आधी तीच हसली होती.

शब्दार्थ
खचणे – धीर सुटणे
पाळी – कामाची ठरलेली वेळ
फजिती – लोकांसमोर झालेली फसगत
बढाई – स्वतःची खोटी स्तुती
हशा पिकणे – सर्वांनी मोठ्याने हसणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलगी आठवडाभर मराठीत का बोलली नाही?
(आ) 'चश्मे बद्दूर'मधील नेहा कोणते काम करते?
2. 'रागावलेल्या माणसापुढे लोक दार लावून घेतात' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
3. उर्दूत स्त्रीलिंगी असलेला 'किताब' हा शब्द घ्या. मराठीतील 'पुस्तक' या शब्दाचे लिंग ओळखून एक वाक्य लिहा.
4. तुमची फजिती झालेला एखादा प्रसंग इतरांना हसू येईल असा लिहा.