ताणलेल्या प्लॅस्टिकचे अंतरंग

गठ्ठे बांधण्याची प्लॅस्टिकची चपटी सुतळी नखाने उभी चिरली, तर तिचे तंतू सहज सुटे होतात. परंतु तीच ओढून तोडू गेल्यास बोट काचते, सुतळी तुटत नाही. ही सुतळी बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या ताणलेल्या फिल्मची असते. ताणण्यापूर्वी गुंतवळासारख्या पडलेल्या लांबलचक रेणुसाखळ्या ताणाच्या दिशेने वळतात. साखळीतील अणूंना बळकट रासायनिक बंध धरून ठेवतात. शेजारच्या साखळ्यांमधील आकर्षण मात्र दुबळे असते. फिल्मचे बळ किती व कोणत्या दिशेने, हे या मांडणीवर अवलंबून असल्याने तिचे मापन महत्त्वाचे ठरते.

साखळीची जाडी एका नॅनोमीटरच्या आसपास, तर साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर. म्हणून फिल्ममध्ये लांबट रेणूंचे अनुस्फुरक रंगद्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळतात. एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देण्याच्या या गुणाला १८५२ मध्ये स्टोक्स यांनी नाव दिले. असा रेणू ध्रुवित प्रकाश मुख्यतः स्वतःच्या अक्षाच्या दिशेनेच शोषतो. प्रकाशकंपनाची दिशा व अक्ष यांत ४५ अंशांचा कोन असल्यास शोषण निम्मे, ६० अंशांना चौथाई आणि ९० अंशांना जवळजवळ शून्य होते. न ताणलेली फिल्म सूक्ष्मदर्शकाखाली फिरविली तरी सारखीच उजळ दिसते. ताणलेली फिल्म मात्र उजळते व मंदावते. या चढउतारावरून रेणू किती रांगेत आले, याचा हिशेब मांडता येतो.

तथापि हा साक्षीदार सर्वज्ञ नव्हे. पॉलिएथिलीनमध्ये रंगद्रव्य स्फटिकी भागात सहसा शिरत नाही, अस्फटिकी भागातच राहते. स्फटिकांची दिशा जाणण्यासाठी क्ष-किरण विवर्तनाकडे वळावे लागते. शिवाय सरासरी फसवी असते. सर्व रेणू थोडे तिरके असले काय, किंवा काही सरळ व काही अस्ताव्यस्त असले काय, उजेडाचे प्रमाण तेच येऊ शकते.

ही अडचण एकेका रेणूच्या निरीक्षणाने दूर झाली. १९८९ मध्ये मोर्नर यांनी एकट्या रेणूचे शोषण टिपले. १९९० मध्ये ओरिट यांनी एकट्या रेणूचे अनुस्फुरण नोंदविले. रंगद्रव्य अतिशय विरळ ठेवल्यास फिल्ममध्ये सुटे ठिपके दिसतात. ध्रुवक फिरविताना प्रत्येक ठिपका आपापल्या कोनाला सर्वाधिक उजळतो, आणि तोच कोन फिल्मच्या पातळीत त्या रेणूची दिशा सांगतो.