भाचीबाई, बांध राखून चाल

भाचीबाई, गणपती उठले की मैत्रिणींना घेऊन मळवलीला उतरणार आहेस, असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. कालव्याच्या काठानं जायचं आणि शेतातल्या वाटांनी परत यायचं, अशी गोल फेरी हवी आहे म्हणे. लोणावळ्याकडं टाटांचे पाण्याचे बांधीव पाट आहेत खरे. लोणावळा, वळवण आणि शिरोत्याचं पाणी खंडाळ्याला नेऊन तिथनं घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात सोडतात, आणि ते वीजघर १९१५ पासूनचं. पण त्या काठानं फिरायचं नाही – जागा कंपनीची, पाण्याला ओढ जबर, आणि पडलेल्या माणसाला बांधीव काठावर धरायला काडी मिळत नाही. आपली फेरी मळवली, पाटण, भाजे आणि परत मळवली. वर विसापूर-लोहगड, खाली पाणंदी, ओढे आणि भातखाचरं. एवढं ऐकून घे, मग खुशाल ये.

१. रविवारी येऊ नकोस, एक दिवसाची रजा टाक – ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली, १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांसकट इंद्रायणीत कोसळला, आणि दोन्ही दिवस रविवारच होते. गर्दीत माणूस पाणी बघत नाही, पुढच्याची पाठ बघून पाय टाकतो.

२. गाडीतून उतरल्या उतरल्या परतीच्या लोकलची वेळ बघून ठेव – दुपारी दोन गाड्यांमध्ये फार अंतर पडतं, आणि गाडी चुकेल म्हणून धावत सुटलेली माणसंच रूळ ओलांडतात. रूळ आणि द्रुतगती मार्ग, दोन्ही फक्त पुलावरून.

३. निघताना पुण्याचं आभाळ बघू नकोस, घाटाकडचं बघ – लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तळेगावला येईपर्यंत तो निम्म्याहून कमी होतो. तळेगावचं ऊन लोणावळ्यात खपत नाही.

४. ओढ्याचं पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत यायला लागला, की तिथंच माघारी फिर. तुझ्या डोक्यावर ऊन असलं तरी – पाऊस वर डोंगरात पडलेला असतो आणि त्याचं पाणी अजून वाटेत असतं. ओढा आधी रंग दाखवतो, मग जोर.

५. आता बांधाचं, आणि हे नीट ऐक. आपली खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली. वरच्या खाचरातलं जादा पाणी बांधाला ठेवलेल्या एका तोंडातून खालच्यात पडतं, तिथनं त्याच्या खालच्यात, असं करत ओढ्याला मिळतं. त्या तोंडाशी एक दगड असतो, भोवती चिखल थापलेला, वर गवताची पेंढी दाबलेली. बघणाऱ्याला वाटतं सहज पडलाय, पण पाणी किती राहू द्यायचं आणि किती जाऊ द्यायचं ते त्या दगडावर ठरतं. त्याच्यावर पाय देऊ नकोस, ओलांडून जा – दगड हलला की रात्रीत वरचं खाचर रितं होतं, खालचा बांध फुटतो, आणि सकाळी दोन भावकीत बोलाचाली सुरू होते. तू तोवर पुण्यात पोचलेली असतेस.

६. बांधावरून एकामागं एक, मधोमध चाला, कडेला पाय नको – खेकडे कडा आतून पोखरून ठेवतात, वरून घट्ट दिसणारी माती पायाखाली बसते.

७. फोटोसाठी खाचरात उतरायचं नाही, लोंबी तोडायची नाही – त्या दिवसांत भात निसवत असतं, पोटात दाणा नुकता दूध धरत असतो, आणि एकदा आडवं झालेलं भात पुरतं भरत नाही. बहुतेक ठिकाणी तुला इंद्रायणी ही भाताची जात दिसेल, वडगावच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहोराच्या संकरातून काढलेली. वास घ्यायचा तर सकाळी बांधावर नुसती उभी राहा.

८. शेतात माणूस दिसलं की आधी राम राम घाल, आणि ‘वाट कुठं जाते?’ असं न विचारता ‘इकडनं गेलं तर चालेल का?’ असं विचार – पाणंद गावाची असली तरी पुढची पायवाट बहुतेक वेळा कुणाच्या तरी सातबाऱ्यावरची असते, मालकाच्या भल्या मनावर उघडी राहिलेली. मागून घेतलेली वाट दुसऱ्या खेपेलाही मिळते. हल्ली बऱ्याच ठिकाणी तारा पडल्या. त्यातल्या काही प्लॉटवाल्यांच्या, पण काही निव्वळ तुडवलेल्या भाताला कंटाळून घातलेल्या, याचं मला फार वाईट वाटतं.

९. कुंपणाचं कवाड जसं सापडलं तसंच ठेव, उघडं तर उघडं, लावलेलं तर लावलेलं – ते कुणी का उघडं टाकलंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

१०. समोरून म्हशी आल्या तर वाटेच्या चढाकडच्या बाजूला उभी राहा, उताराकडं नाही, आणि छत्री मिटलेलीच ठेव – छत्री फटकन उघडली की जनावर बुजतं, आणि बुजलेलं जनावर उताराकडं ढकलतं.

११. हातात काठी घे. गवतात आधी काठी, मग पाय. दगडावर बसण्याआधी दगडाखाली नजर – फुरसं चाहूल लागली तरी हलत नाही, आणि पाचोळ्यात दिसतही नाही. कुणाला चावलंच तर बांधू नका, चिरू नका, पाय हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा.

१२. आधी पाटण, मग भाजे, हाच क्रम ठेव – भाज्याची लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, दुपार कलली की ऊन चैत्यगृहात शिरतं. सगळे सकाळी घाईनं भाजे उरकतात आणि अंधार बघून येतात. आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत गप्प उभी राहा, मग वर बघ. छताच्या कमानीला लाकडी फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांहून जुन्या, आणि अजून जागेवर. दगड कोरणाऱ्यांना लाकडी घराची सवय सुटत नव्हती, ती तिथं दिसते. पुरातत्त्व खात्याचं दार संध्याकाळी बंद होतं, तेवढा हिशेब धर. पायऱ्या उतरताना मात्र फोन पिशवीत – शेवाळ असतं.

१३. पण दुपारी ढग काळे होऊन गडगडायला लागले तर लेणी सोडून दे आणि सरळ गावाकडं चालू लाग. झाडाखाली थांबू नकोस, बांधावर उभी राहू नकोस – परतीच्या पावसातली वीज उंच आणि एकटं काय आहे ते शोधते. सलग दोन-तीन दिवस धो-धो पाऊस असेल तर डोंगराच्या पायथ्याला येऊच नकोस – याच भाज्यावर १९८९ च्या जुलैत दरड आली होती आणि झोपेतली माणसं गेली होती.

१४. खायला डबा आण, वेफरची पाकिटं नकोत. आणलीच तर रिकामी पाकिटं पिशवीतून परत ने – मिठाच्या वासानं गुरं प्लास्टिक गिळतात, आणि पोट फुगलेली गाय बघणं सोपं नसतं. चहा मात्र गावातच घ्या, दोनदा घ्या – तुमच्या येण्यानं गावाला चार पैसे मिळाले तर पुढच्यांनाही वाट मिळेल.

१५. बेणणी करणाऱ्या बायांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस – तू दमून चिखलात वाकलेली असताना तुझा कुणी काढला तर?

१६. पायातला चिखल शेवटच्या ओढ्यावरच धुऊन घे, स्टेशनच्या नळावर नको – त्या नळावर लोक बाटल्या भरतात.