काळ मागे फिरवता आला तर

‘लाइफ इज स्ट्रेंज’ हा व्हिडिओ गेम २०१५ मध्ये पाच भागांत आला. पॅरिसच्या डोन्टनॉड स्टुडिओने केलेला. फोटोग्राफी शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या मॅक्सला काळ मागे नेता येतो, एवढ्यावर सारी कथा उभी आहे. सांगलीत मी तो एकट्याने खेळलो, मग साताऱ्याला भाचीबरोबर. त्यातून जे उमगलं ते असं:

१. कथेच्या गेममध्ये घाई करू नये. दुसऱ्या भागात केट नावाची मुलगी जीव द्यायला वसतिगृहाच्या गच्चीच्या कडेला उभी राहते आणि नेमकी तेव्हाच मॅक्सची शक्ती संपते. आता बटण दाबून सुटका नाही. केटच्या खोलीतली पत्रं, फोटो आपण नीट पाहिले असतील, वडील आणि बहिणी तिच्या बाजूने आहेत हे ध्यानात असेल, तर तिच्याशी बोलायला आपल्याजवळ शब्द असतात. काळाशी खेळणाऱ्या गेममधला सर्वांत मोठा क्षण काळ हातातून काढून घेऊन उभा केलाय. २०१६ चा कथेसाठीचा बाफ्टा पुरस्कार याच एका प्रसंगासाठी दिला असता तरी चाललं असतं.

२. दोन्ही पर्याय करून पाहता आले म्हणून निवड सोपी होत नाही. निवडतेवेळी गेम लगेचचा परिणाम दाखवतो, लांबचा नाही. मैत्रीण क्लोईच्या वडिलांचा अपघात टाळावा म्हणून मॅक्स भूतकाळात जाऊन गाडीच्या किल्ल्या लपवते. वडील वाचतात, पण त्या नव्या जगात क्लोईलाच अपघात होऊन ती अंथरुणाला खिळलेली असते. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ कथेत विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि पुढचा सगळा इतिहास बदलतो. एक क्षण बदलला की त्याचा माग शेवटपर्यंत काढायचा, ही शिस्त दोन्हीकडे दिसते.

३. भंगारात बाटल्या शोधायला लावणं हा निव्वळ वेळकाढूपणा. पात्रांचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. पाचव्या भागातली लपाछपीही रटाळ.

४. खरा दोष शेवटात आहे. क्लोईला वाचवायचं की वादळाच्या तोंडी असलेलं गाव? आधीच्या सगळ्या निवडी इथे बाजूला पडतात, आणि क्लोईला निवडलं तर उद्ध्वस्त गावातून गाडी निघून जाते, की संपलं. सांगलीत हे पाहणं जड जातं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ आहे. पाणी ओसरल्यावर घराघरांतला चिखल, रस्त्यावर काढलेलं फर्निचर, उन्हात वाळत घातलेली कागदपत्रं, दुकानदारांचे उतरलेले चेहरे आम्ही पाहिलेत. किल्ल्यांच्या जुडग्याचा परिणाम इतक्या प्रामाणिकपणे दाखवणाऱ्या लेखकांनी अख्ख्या गावाचा परिणाम दोन-चार मिनिटांत गुंडाळावा, हे मला पटत नाही. भाचीने गाव वाचवलं. तिच्याही घरी पूर माहीत आहे.

५. तरीही हा गेम खेळावाच. मात्र त्यात आत्महत्या, अमली पदार्थ, हिंसा आहे. लहान मुलांच्या हाती देऊ नका. सोळा-सतराच्या मुलामुलींबरोबर शेजारी बसून खेळा, आणि दुसरा भाग संपला की लगेच तिसरा लावू नका. आधी त्यांच्याशी बोला.